भिंगरीच्या तोड्याची सोळा बटणं

ईरप्पा गवळी दूध ओतायला लागला की कट्ट्यावरची माणसं बोलायची थांबत. उगाच कौतुक सांगत नाही. डावा हात कमरेखाली, त्यात गल्लास. उजवा हात डोक्याच्या वर, त्यात चरवी. आणि मधे दुधाची धार अशी सरळ की गवंड्यानं ओळंब्याला वापरावी. थेंब बाहेर सांडायचा नाही आणि गल्लासात फेस असा उभा राहायचा की पिणाऱ्याच्या मिशीवर तो घरापर्यंत टिकायचा. संध्याकाळी म्हशी कट्ट्यावर उभ्या करायच्या, गिऱ्हाइकासमोर धार काढायची आणि त्यानं कोमट दूध उभ्याउभ्या प्यायचं, ही कोल्हापूरची जुनी रीत. पण ईरप्पाकडं येणारा निम्मा पोटासाठी यायचा आणि निम्मा बघायला.

ईरप्पाला गर्व दोनच गोष्टींचा. एक हा फेस. दुसरी भिंगरी.

भिंगरी म्हणजे त्याची म्हैस. दिवाळीच्या पाडव्याला इथले गवळी म्हशी सजवतात, शिंगं रंगवतात आणि रस्त्यावर आणतात. पुढं मालक मोटारसायकलवर, सायलेन्सर काढलेला, कानठळ्या बसवणारा. मागं म्हैस, दोरी न लावता पळणारी. जिची नजर गर्दीकडं वळत नाही, जी मालकाच्या मागं सरळ पळते, तिच्या मालकाचं नाव वर्षभर निघतं. भिंगरी ईरप्पाच्या जुन्या राजदूत मोटारसायकलमागं सुतात पळायची. तिच्या पुढच्या दोन पायांत ईरप्पाच्या बापानं केलेले चांदीचे तोडे असायचे. लांबून त्यांचा आवाज आला की माणसं म्हणायची, "आली बघ ईरप्पाची." ते ऐकायला ईरप्पा बाकीचं वर्ष काढायचा.

आणि अशा माणसाची एकुलती एक पोरगी, शिवलीला, गोठ्यामागच्या खोलीत एक नळी घेऊन बसली होती.

सन दोन हजार दोनची गोष्ट. शिवलीला एम.ई. करत होती आणि कोपरभर लांबीच्या त्या प्लॅस्टिकच्या नळीवर तिचं सगळं वर्ष अडकलं होतं. एकदा ईरप्पानं दारात उभं राहून विचारलं, "हे काय चाललंय म्हणायचं?"

"नळीच्या आत काय चाललंय ते बघायचं, आप्पा. नळी न फोडता."

"का? फोडायला काय झालं?"

शिवलीलानं हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. डेअरीच्या पायपांतून दूध जातं तेव्हा त्यात हवा मिसळते, कारखान्याच्या पायपातून रस जातो तेव्हा त्यात वाफ असते, आणि मीटर बापडा हवेलाही दूधच समजून मोजतो, असं तिनं सांगितलं. म्हणून नळीला भोवतीनं सोळा धातूची बटणं बसवायची, तोंडं आतल्या बाजूला. दोन बटणांतून थोडी वीज सोडायची आणि बाकीच्यांना विचारायचं, तुमच्यापर्यंत किती पोचली. दूध वीज जाऊ देतं, हवा अडवते. असं आळीपाळीनं सगळ्या बटणांवर फिरायचं. मग कॉम्प्युटर हिशेब करून आतलं चित्र काढतो.

"काकडी कापली की चकती दिसते ना, तशी नळीची चकती दिसते."

"मग काकडी कापून बघ की," ईरप्पा म्हणाला आणि म्हशींना पेंड घालायला गेला.

पण शिवलीलाचं घोडं खरंच अडलं होतं. तिनं बसवलेले लोखंडी स्क्रू ओलीत गंजायचे आणि पडद्यावर चित्र उमटायचं ते सारवलेल्या भिंतीसारखं. तिच्या मार्गदर्शक सुष्मिता मॅडमनी स्पष्ट सांगितलं होतं की दिवाळीच्या आत नीट चित्र दिसलं तर ठीक, नाहीतर विषय बदलायचा, म्हणजे आणखी एक वर्ष. चांदीची बटणं असती तर गंजली नसती. कॉलेजनं सांगितलं, चांदीचं पुढच्या वर्षी बघू.

एका रात्री जेवताना तिनं घास खाली ठेवला. "आप्पा, भिंगरीचे तोडे द्या मला."

तिची आई रुद्राणी भाकरी थापत होती, तिचा हात थांबला. ईरप्पानं पोरीकडं असं बघितलं की तिनं देव्हाराच मागितला असावा.

"तुझ्या आव्वाची बोरमाळ माग, देतो. तोड्यांचं नाव काढू नकोस."

"म्हणजे म्हशीचं ऱ्हाऊ दे आणि बायकूचं जाऊ दे, व्हय?" रुद्राणी म्हणाली. "झकास. पुढच्या जल्मी मी म्हसच हुतो."

"बोरमाळ सोन्याची आहे, मला चांदी लागते," शिवलीला म्हणाली.

"मग काय न्हाई," ईरप्पा म्हणाला आणि ताट सरकवून उठला. चार दिवस बापलेकीत बोलणं नव्हतं. घरात दोघांच्या मधून रुद्राणी निरोप नेत होती आणि वाटेत दोन्हीकडच्या निरोपांत आपली दोन वाक्यं घालत होती.

आता जोतीराम साहेबांची गाठ घालून देतो. हे वजनमापे खात्यातून रिटायर झालेले. आयुष्यभर दुकानदारांची मापं तपासली, त्यामुळं घरीसुद्धा आमटी दोन पळ्यांवर थेंब जास्त पडली की भुवई वर. कट्ट्यावर रोज यायचे, ईरप्पाकडंच दूध घ्यायचे आणि रोज कुरकुरायचे. एका संध्याकाळी त्यांनी गल्लास घेतला पण तोंडाला लावलाच नाही. कठड्यावर ठेवला आणि शेजारी उभे राहिले. फेस खाली बसला तशी खिशातून पट्टी काढली.

"ईरप्पा," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "निम्मा गल्लास हवा विकतोस तू."

कट्टा हसला. ईरप्पाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"साहेब, तुम्ही मढं मोजलासा. इतका येळ ठेवल्यावर फेस मरतोयच की. जित्ता फेस मोजून दावा."

"जित्ता फेस मोजायचं माप सरकारनं अजून काढलेलं नाही."

"सरकारनं नसंल काढलं. माझ्या घरात हाय."

हे तोंडातून निसटलं ते निसटलं. चार दिवस जिच्याशी बोलत नव्हता तिच्या नळीची त्यानं चारचौघांत फुशारकी मारली. मग काय, एकानं पैज म्हटलं, दुसऱ्यानं व्हय म्हटलं, आणि जोतीरामांनी सवयीप्रमाणं शब्द न् शब्द घोटून घेतला. ईरप्पाच्या ओतण्यात पाव भागापेक्षा जास्त हवा निघाली, तर या पाडव्याला ईरप्पा गवळी भिंगरीला रस्त्यावर आणणार नाही. कमी निघाली, तर जोतीराम साहेब वर्षभर फेसासकट पितील आणि कुरकुरणार नाहीत. यातल्या दुसऱ्या गोष्टीवर कुणाचा विश्वास बसला नाही.

ईरप्पा घरी आला तो थेट मागच्या खोलीत. "लिले, तुझ्या नळीला फेस दिसतोय का?"

"हवा दिसते म्हणजे फेस दिसणारच. पण बटणं..."

त्यानं ट्रंक उघडली आणि दोन्ही तोडे तिच्या पुढ्यात ठेवले. एक पुरेल असं ती म्हणाली, तर म्हणाला, "एका पायात तोडा घालून म्हस काय लंगडी दावू? घे दोन्ही." ठेवताना त्यानं बोटानं एकदा त्यांची कडा पुसली. तेवढंच.

मनात त्यानं वेगळाच हिशेब केला होता. पोरगी घरची, चांदी घरची, दूध घरचं. असं यंत्र घरच्या माणसाविरुद्ध कशाला बोलेल? यंत्राला घरचं-बाहेरचं कळत नाही हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी त्यानं ऐकलं नसतं.

शिवलीला तोडे घेऊन एसटीनं हुपरीला गेली. तिथले नईमचाचा पैंजण करणारे, हात मऊ आणि जीव हळवा. त्यांनी चांदी आटवून सोळा बटणं केली आणि प्रत्येकावर एक बारीक फूल कोरलं.

"चाचा, फुलं कशाला? मला सपाट पाहिजेत."

"बेटी, हुपरीतनं चांदी बोडकी भाईर जात न्हाई."

विजेला फुलं आवडत नाहीत हे त्यांना पटवता पटवता तिचा घसा बसला. शेवटी तडजोड झाली. आतली बाजू सपाट, बाहेरची फुलांची. मग त्या करड्या नळीला भोवतीनं सोळा फुलं आली आणि ती नळी कॉलेजची न दिसता लग्नातली दिसायला लागली.

पण चित्र मात्र आलं. पहिल्यांदाच स्वच्छ आलं, दूध निळं आणि हवा तांबडी. शिवलीला एकटीच खोलीत हसली. मग तिनं वीतभरावरून ओतून बघितलं, खांद्यावरून ओतून बघितलं, आणि तिचं हसू जरा उतरलं. ती गोठ्यात गेली.

"आप्पा, त्या दिवशी हात खाली ठेवा. वीतभरावरनं ओतलं तर हवा पावापेक्षा कमी येते."

"वीतभरावरनं म्हातारी ताक वतती," ईरप्पा म्हणाला.

"माझ्यासाठी."

त्यानं मान डोलावली.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी कट्ट्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. केस कापायच्या दुकानातून वायर ओढून टेबलावर कॉम्प्युटर मांडला होता. सुष्मिता मॅडम खुर्चीत बसल्या होत्या. चित्र बघून आजच काय ते ठरवते असं त्यांनी सांगितलं होतं आणि रुद्राणीनं त्यांच्या हातात न विचारता दुधाचा गल्लास दिला होता. नळी टेबलावर आडवी, एका तोंडाला नरसाळं, दुसऱ्या तोंडाला तोटी. जोतीराम साहेब पट्टी खिशात ठेवून पहिल्या रांगेत उभे. एकजण म्हणाला, "काचंची नळी घेतली असती तर डोळ्यानं दिसलं असतं. हातच्या कांकणाला आरसा कशाला?" शिवलीला म्हणाली, "डेअरीतले पायप काचेचे नसतात, दादा." त्याचं समाधान झालं नाही.

भिंगरीची धार काढून झाली. ईरप्पानं चरवी उचलली, पोरीकडं बघितलं आणि हात नरसाळ्याच्या वीतभर वर धरला. दिल्या शब्दाला जागत होता बिचारा.

तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "ईरप्पा, आज हात लुळा पडला व्हय?"

झालं. हात छातीपर्यंत गेला. मग डोक्यावर. मग ईरप्पा कट्ट्याच्या कठड्यावर चढून चवड्यांवर उभा राहिला आणि कोल्हापूरनं कधी बघितली नव्हती एवढ्या उंचीवरून त्यानं धार सोडली. सरळ. थेंब सांडला नाही. शिट्ट्या वाजल्या. शिवलीलानं डोळे मिटून घेतले.

नळी भरली, तोटी बंद झाली. पडद्यावर चित्र वरून खाली हळूहळू उतरू लागलं. तांबडं आलं. आणखी तांबडं आलं. ते असं उतरत उतरत बरोबर मध्यावर आलं तेव्हा कुठं निळं सुरू झालं. जोतीरामांनी पट्टी काढायचेही कष्ट घेतले नाहीत.

"निम्मं," ते म्हणाले.

ईरप्पा कठड्यावरून खाली उतरला. त्याचं तोंड चुलीतल्या राखेसारखं झालं होतं. गल्लीतले गवळी त्याच्या मदतीला धावले. "मशीनच बिघडलंय. पोरीबाळीनं केल्यालं, त्याचं काय खरं?" "ईरप्पाचा हात खोटा ठरवणारी नळी कोण मानतंय?" जो तो म्हणायला लागला. आता ईरप्पानं नुसतं व्हय म्हटलं असतं तर पैज तिथंच मोडली असती, पाडवा राखला असता, भिंगरी रस्त्यावर आली असती. हे त्याला कळत होतं, आणि कळत होतं हे शिवलीलाला दिसत होतं.

ती मॅडमकडं वळली. "मॅडम," ती खाली बघत म्हणाली, "बटणं नीट बसली नसावीत. चित्र चुकलं असेल."

सुष्मिता मॅडमनी गल्लास खाली ठेवला.

लहानपणी साय चोरून खाल्ली तरी ही पोरगी दारात येऊन सांगायची, मी खाल्ली म्हणून. तिचं जन्मातलं पहिलं खोटं ईरप्पा आत्ता ऐकत होता, तेही चारचौघांत आणि त्याच्यासाठी. त्याला ते फेसापेक्षा जास्त झोंबलं. पैज हरल्याचं त्याला काही वाटेनासं झालं, आपली लाज वाटायला लागली.

"गप," तो म्हणाला. "बटणं चांगली बसल्यात. माझा हात कुठं हुता ते समद्यांनी बघितलंय. एवढ्या वरनं वतल्यावर निम्मी हवा येनारच की. मशीन बरोबर बोलतंय."

"आप्पा..."

"गप म्हटलं न्हवं? मॅडम, ही खोटं बोलतीया. तिला येत न्हाई ते. तुम्ही बघा आता."

त्यानं पुन्हा चरवी घेतली आणि वीतभरावरून ओतलं, म्हातारी ताक ओतते तसं. पडद्यावर तांबड्याची नुसती कड आली. मग छातीवरून ओतलं, तांबडं थोडं उतरलं. मग डोक्यावरून, पुन्हा निम्मं. जसा हात तसं चित्र. मॅडम खुर्चीवरून उठून पडद्यापाशी आल्या होत्या. तीन वेळा बघून झाल्यावर त्यांनी शिवलीलाच्या पाठीवर हात ठेवला. "विषय बदलायची गरज नाही," त्या म्हणाल्या. "आणि बटणांबद्दल पुन्हा असं काही बोलू नकोस."

शिवलीला रडली. रुद्राणीही रडली, आणि रडता रडता नवऱ्याला म्हणाली की तरी मी सांगत हुतो, हात खाली ठेव.

"शब्द?" जोतीरामांनी विचारलं.

"शब्द म्हंजे शब्द," ईरप्पा म्हणाला.

पाडवा उजाडला. रुद्राणीनं सवयीनं भिंगरीची शिंगं रंगवली, अंगाला तेल लावलं. ईरप्पा सोप्यात भिंतीला टेकून बसला होता. रस्त्याकडून मोटारसायकलींचे फटाके ऐकू यायला लागले तशी भिंगरी दाव्याला हिसडे द्यायला लागली. तिला कोण समजावणार? ईरप्पानं कानांवर उपरणं गुंडाळून घेतलं.

त्याला समोर जोतीराम साहेब उभे दिसले. इस्त्रीचा सदरा, हातात छत्री.

"ईरप्पा, पैज काय होती ती सांग."

"जखमंवर मीठ चोळायला आलासा व्हय? ईरप्पा गवळी भिंगरीला रस्त्यावर आननार न्हाई."

"बरोबर. मी उभा जन्म मापात काढलाय. कमी मोजायचं नाही आणि जास्तही मोजायचं नाही. पैजेत ईरप्पा गवळी म्हटलंय. शिवलीला गवळी म्हटलेलं नाही."

ईरप्पानं उपरणं कानावरून काढलं. तेवढ्यात अंगणात राजदूत फुर्रकन सुरू झाली. म्हशी पाण्यावर न्यायला शिवलीला ती गाडी कधीपासून चालवत होती, पण पाडव्याला या गल्लीतल्या कुठल्या पोरीनं म्हशीपुढं गाडी घातली नव्हती. तिनं ओढणी कमरेला बांधली होती. चित्रं मॅडमकडं पोचली होती, नळीला सुट्टी होती, आणि सोळा बटणं लाल फितीत ओवून, आठ या पायात आठ त्या पायात, भिंगरीच्या पायांत चढली होती. फुलं बाहेरच्या बाजूला. नईमचाचांचं म्हणणं खरं झालं, चांदी बोडकी नव्हती.

"ह्या दोघांनी आधीच ठरवलं हुतं," रुद्राणी म्हणाली. "मला पन ठावं हुतं."

ईरप्पा उठला आणि चपला न घालताच जोतीरामांच्या मागून रस्त्यावर गेला.

रस्ता दोन्ही बाजूंनी माणसांनी भरला होता. शिवलीलाची गाडी निघाली, भिंगरी मागं पळाली. माणसं बघतच राहिली, कारण पुढं पोरगी होती. आणि निम्म्या वाटेवर, जिथं ईरप्पा गर्दीत उभा होता तिथं, भिंगरी थांबली.

तिनं मान वर केली. नाकपुड्या फुगवल्या. शिवलीलानं मागं वळून गाडीचा आवाज वाढवला, पण भिंगरी हलेना. तिला वास लागला होता. मालक इथंच कुठंतरी आहे हे तिला कळलं होतं आणि ती गर्दीकडं तोंड वळवायला लागली. आता ईरप्पानं एक हाक मारली असती तर ती सगळ्या कोल्हापुरासमोर त्याच्याकडं धावत आली असती. म्हैस कुणाची हे पुन्हा सांगावं लागलं नसतं. दर पाडव्याला हा माणूस कुठून गाडी नेली तर जास्त लोकांना दिसेन याचा आधीपासून विचार करायचा.

ईरप्पा खाली बसला. जोतीरामांच्या पाठीमागं, गुडघ्यांत मान घालून, जमेल तेवढा लहान झाला.

"साहेब," तो कुजबुजला, "जरा रुंद हुबं ऱ्हावा की."

जोतीरामांनी छत्री उघडली आणि आडवी धरली.

मग ईरप्पाला काही दिसेना. आधी नुसती राजदूत ऐकू येत होती. मग खूर वाजले, एक, दोन, आणि मग सलग, आणि त्यांच्यात चांदीचा बारीक आवाज, तोड्यांपेक्षा हलका पण तोच. आवाज त्याच्या समोरून गेला, पुढं गेला. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "आली बघ शिवलीलाची."

जोतीरामांनी छत्री मिटायला घेतली. "गेली सरळ," ते म्हणाले. "ऊठ आता."

ईरप्पानं उपरण्यानं तोंड पुसलं, पण तो उठला नाही.

"थांबा की साहेब," तो म्हणाला. "वळणावर भिंगरी एकदा मागं बघती."